डर्ट बाईकचा कर्कश आवाज: सायलेन्सरचं पॅकिंग बदलल्यावर कमी झाला

फोर-स्ट्रोक डर्ट बाईक (कच्च्या रस्त्यावर चालवायची मोटारसायकल), कंपनीचा नव्हे, बाहेरून घेऊन बसवलेला सायलेन्सर. आवाज हळूहळू कोरडा, फाटका होत गेला. शेजारच्या काकूंचं तान्हं नातवंड दचकून उठायचं. अगदी जीव नकोसा झाला होता. डीबी किलर (सायलेन्सरच्या तोंडात बसवायचा, आवाज कमी करणारा तुकडा) लावला, तर पिकअप गेला. तारेची घासणी कोंबली, ती उडून गेली.

शेवटी गाडी पूर्ण गार करून सायलेन्सर काढला. मागच्या टोपणाचे रिव्हेट ड्रिलने उडवून आतली जाळीची नळी ओढली. भोवतीच्या ग्लासवूलचा, म्हणजे आवाज शोषणाऱ्या काचतंतूंच्या पॅकिंगचा, जळून भुगा झाला होता (मास्क, हातमोजे हवेतच). भोकांतली काजळी तारेच्या ब्रशने काढली. एक्झॉस्टसाठीचंच नवं पॅकिंग घट्ट, पण न ठेचता गुंडाळलं. टोपणाला उष्णता सोसणारं सिलिकॉन, नवे स्टील रिव्हेट, रात्रभर सुकवणं. बेंडपाईपची (इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या नळीची) गॅस्केटही बदलली, कारण ती गळली तरी फटफट येतेच. पहिल्या स्टार्टला थोडा धूर निघतो, तो नव्या पॅकिंगचा.