फ्रायर लॉरेन्सवर उत्तर लिहिताना या चुका टाळा

शेक्सपिअरच्या 'रोमिओ अँड ज्युलिएट' नाटकाच्या शोकान्ताला दोघांचं लग्न लावणारा धर्मगुरू फ्रायर लॉरेन्स कितपत जबाबदार, असा प्रश्न आला की बहुतेक उत्तरं दोनच वाटांनी जातात. एक तर बिचारा भला माणूस, नाहीतर सगळं खापर त्याच्याच माथी. दोन्ही वाटांनी गुण जातात आणि नाटकही हातून निसटतं.

हेतू चांगला म्हणून सोडून देणं. हेतू चांगला होताच. या लग्नामुळे माँटेग्यू आणि कॅप्युलेट घराण्यांचं वैर मिटेल, अशी त्याला आशा होती. पण ज्या लग्नाने वैर मिटायचं, तेच त्याने गुपचूप लावलं. ज्युलिएटचा मामेभाऊ टिबॉल्ट अंगावर येतो तेव्हा रोमिओ लढायला तयार नसतो आणि का, हे त्याला सांगता येत नाही. त्या गुपिताचा पहिला बळी म्हणजे त्याच्या जागी लढायला उतरलेला मित्र मर्क्युशिओ. म्हणून उत्तराची सुरुवात लॉरेन्सने ज्युलिएटला दिलेल्या, मेल्यासारखी झोप आणणाऱ्या औषधाच्या कुपीपासून करू नका, फार उशीर होतो.

पत्र पोहोचलं नाही याला निव्वळ दुर्दैव म्हणणं. औषधाचा बेत कळवणारं लॉरेन्सचं पत्र मांटुआ शहरी हद्दपार रोमिओकडे नेणाऱ्या फ्रायर जॉनला साथीच्या संशयावरून व्हेरोनातच, म्हणजे नाटक घडतं त्या गावातच, कोंडून ठेवलं, हे दुर्दैव खरंच. पण तिसऱ्या अंकाचा तिसरा प्रवेश पुन्हा वाचा. तिथे लॉरेन्स रोमिओला कबूल करतो की तुझ्याच नोकराकरवी मांटुआला वेळोवेळी खबर पाठवीन. पुढे पत्र मात्र तो जॉनच्या हाती देतो. नोकर बाल्थझारला बेताचा पत्ताच नसतो. तो ज्युलिएटला थडग्यात ठेवलेलं पाहतो आणि ती मेल्याची बातमी घेऊन तातडीने मांटुआ गाठतो. खरी बातमी अडकली, खोटी पोहोचली. लॉरेन्सविरुद्धचा सगळ्यात भक्कम मुद्दा माझ्या मते हाच आहे आणि उत्तरांमध्ये नेमका तोच गळतो.

इतरांचा वाटाही मांडा. ज्युलिएटच्या बापाने, कॅप्युलेटने, तिचं पॅरिसशी ठरवलेलं लग्न गुरुवारवरून बुधवारवर आणलं, त्यामुळे ज्युलिएटला औषध एक रात्र आधी घ्यावं लागलं. 42 तासांच्या झोपेच्या हिशेबावर उभा असलेला बेत तिथेच डळमळला. यात लॉरेन्सचा दोष नाही.

थडग्यातला प्रसंग एका ओळीत उरकणं. ज्युलिएट जागी होते. लॉरेन्स तिला रोमिओ मेल्याचं सांगतो, नन्सच्या मठात तुझी सोय करतो म्हणतो, आणि पहारेकऱ्यांची चाहूल लागताच निघून जातो. याच मुलीने त्याच्या खोलीत सुरी काढून जीव देण्याची भाषा केली होती. ते त्याने स्वतः पाहिलं होतं. तरीही तो तिला नवऱ्याच्या प्रेताजवळ एकटी सोडतो. त्याच्या साऱ्या चुकांत ही मला सगळ्यात अक्षम्य वाटते. इथे चार ओळी जास्त लिहा.

राजपुत्राचं वाक्य निकाल म्हणून देणं. लॉरेन्स सगळं कबूल करतो आणि माझा दोष असेल तर कायद्याने माझा जीव घ्या म्हणतो. व्हेरोनाचा राजपुत्र एस्कलस त्यावर एवढंच म्हणतो की आम्ही तुला नेहमीच साधुपुरुष मानत आलो. याला निर्दोष सुटका समजू नका. काहींना माफी मिळेल, काहींना शिक्षा, असं तोच शेवटी सांगतो, पण नाव कुणाचंच घेत नाही.