जॅकशाफ्ट किट: चढावर उजवी चेन उतरत होती, ती अशी थांबली

सायकलला टू-स्ट्रोक इंजिन, फ्रेमच्या त्रिकोणात. जॅकशाफ्ट म्हणजे इंजिन आणि पेडलचा क्रँक यांच्यामधला आडवा दांडा: डावी चेन इंजिनाकडून त्याच्याकडे, उजवी त्याच्याकडून क्रँककडे. सपाटीवर सगळं ठीक, पण चढावर थ्रॉटल दिला की आधी टकटक आणि मग जॅकशाफ्टकडून क्रँककडे जाणारी उजवी चेन खाली. चेन घट्ट केली, तर बेअरिंग गरम. टेन्शनर (चेन ताणून धरणारा भाग) लावला, तर तोच वाकला. नवी चेनही उतरली. वैताग आला.

उपाय क्रमात होता. स्पार्क प्लग काढा, म्हणजे इंजिन हाताने सहज फिरतं. इंजिनाचे माउंट, जॅकशाफ्टची प्लेट आणि स्प्रॉकेटचे (दातेरी चक्राचे) ग्रब स्क्रू, म्हणजे ते शाफ्टवर पक्कं धरणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू, ढिले करा. क्रँकचं स्प्रॉकेट हलवता येत नाही, म्हणून सरळ पट्टी त्याच्या दातांना टेकवून जॅकशाफ्टचं उजवं स्प्रॉकेट त्या रेषेत आणा. मगच डावं, इंजिनाच्या स्प्रॉकेटशी. ग्रब स्क्रू शाफ्टच्या सपाट भागावरच बसवा, थ्रेडलॉकर (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) लावून.

आता डाव्या चेनचा ताण प्लेट सरकवून घ्या आणि प्लेट घट्ट करा. उजवीचा ताण शेवटी, अख्खं इंजिन सरकवून; प्लेट इंजिनालाच जोडलेली असल्याने डावी चेन बिघडत नाही.

खरी गोम इथे: क्रँक हळूहळू पूर्ण फिरवा. स्प्रॉकेट तंतोतंत गोल नसतं, त्यामुळे चेन एका जागी जास्त ताणली जाते. तिथे साधारण 10 मिलिमीटर ढील ठेवा, सैल जागी नव्हे. माउंट आवळल्यावर पट्टी पुन्हा लावून पाहा, कारण आवळताना इंजिन किंचित वळतं.

आता चढावर पूर्ण थ्रॉटलवरही चेन जागेवर राहते.