सामानासकट घर काही महिने भाड्याने देताना: अ‍ॅपच्या सेवाशुल्काचा हिशेब कसा मांडावा

कोकण किनाऱ्यावरच्या बंद घरांना आता दोन-चार महिन्यांसाठी राहणारी माणसं मिळू लागली आहेत. लोटे परशुरामच्या एमआयडीसीत बदलून आलेले इंजिनिअर, रत्नागिरी किंवा ओरोसच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातले डॉक्टर, मुंबई-पुण्याहून लॅपटॉप घेऊन येणारी जोडपी. अशांना पलंग, फ्रिज, भांडी, वायफायसकट घर हवं असतं आणि ती ते अ‍ॅपवर शोधतात. मालक मात्र शनिवार-रविवारच्या पाहुण्यांसाठी ठरवलेलाच दर थोडा उतरवून ठेवतो, आणि महिनाअखेर बँकेत जमा झालेली रक्कम बघून चक्रावतो.

आधी आपल्या अ‍ॅपवर शुल्काची कोणती पद्धत लागू आहे ते बघा. एक पद्धत विभागलेली असते: एअरबीएनबी या घरं भाड्याने देण्याच्या अ‍ॅपवर तिच्यात मालकाकडून साधारण ३ टक्के आणि पाहुण्याकडून त्याच्या कितीतरी पट घेतात. दुसरीत सगळं शुल्क मालकाकडूनच कापतात आणि ते १५ टक्क्यांच्या आसपास जातं. पाहुण्याच्या नजरेला दोन्हीकडे एकूण आकडा जवळपास सारखाच दिसतो, म्हणून ‘मला तर फक्त ३ टक्के लागतात’ यावर खूश होऊ नका. उरलेलं शुल्क पाहुण्याच्या खिशातून जातं आणि तो तेवढं कमी भाडं द्यायला तयार असतो. मुक्काम लांबला की काही ठिकाणी पाहुण्याच्या बाजूचं शुल्क उतरतं, मालकाच्या बाजूचं उतरेलच असं नाही.

या शुल्कावर १८ टक्के जीएसटी लागतो. जीएसटी नोंदणी नसलेल्या घरमालकाला त्याची वजावट मिळत नाही. म्हणजे १५ टक्के हे खरं तर १७.७ टक्के असतात.

समजा, हातात महिना २५,००० रुपये यायला हवेत. इथे हमखास होणारी चूक म्हणजे २५,००० वर १७.७ टक्के चढवणं. त्याने २९,४२५ येतात; पण अ‍ॅप १७.७ टक्के या वाढीव रकमेवर कापतं आणि हातात सुमारे २४,२१७ उरतात. दरमहा ७८३ रुपये कमी. बरोबर रीत भागाकाराची आहे: २५,००० भागिले ०.८२३, म्हणजे ३०,३७७. एवढं मासिक भाडं अ‍ॅपवर दिसायला हवं.

आता ते दर रात्रीच्या भाषेत बसवा. मासिक सवलत, म्हणजे महिनाभर राहणाऱ्याला रात्रीच्या दरात द्यायची सूट, ४० टक्के ठेवणार असाल तर ३०,३७७ भागिले ०.६, म्हणजे ५०,६२८. त्याचे ३० भाग केले की रात्रीचा मूळ दर सुमारे १,६८८ रुपये. एअरबीएनबीवर मासिक सवलत २८ रात्रींपासून लागू होते, ३० पासून नाही. त्यामुळे २८ रात्रींचं बुकिंग पूर्ण सवलतीत जातं आणि मधले दोन दिवस घर रिकामं राहिलं तर नुकसान तुमचं. आणखी एक फट आहे. मे महिना, नाताळचे दिवस आणि शनिवार-रविवार यांचे चढे दर तुम्ही आधीच भरून ठेवलेले असतात. लांब मुक्कामाच्या बेरजेत ते तसेच शिरतात, मासिक रक्कम भलतीच फुगते आणि चौकशी करणारा न बोलता निघून जातो. दर बदलल्यावर पाहुण्याच्या नजरेने, तारखा घालून, एकूण आकडा पाहा.

शुल्क फक्त भाड्यावर नसतं. स्वच्छतेचा आकार धरून बुकिंगची जी रक्कम होते तिच्यावर ते लागतं. स्वच्छतेचा आकार साधारणपणे बुकिंगमागे एकदाच येतो, महिन्याला नाही. तीन महिन्यांच्या मुक्कामात दर पंधरवड्याला कामवाल्या मावशी पाठवणार असाल तर तो खर्च भाड्यातच धरावा लागेल. विजेचंही तसंच. एप्रिल-मेमध्ये एसी चालला तर ३,००० रुपयांचं बिल सहज येतं, आणि ते भाड्यात मिसळायचं तर ३,००० नव्हे, ३,६४५ धरावे लागतात. म्हणजे विजेवरही अ‍ॅपला शुल्क गेलं. ‘महिना १०० युनिट भाड्यात, पुढे मीटरप्रमाणे’ अशी अट घराच्या वर्णनात ठळक लिहा. आल्या दिवशी पाहुण्यासमोर मीटरचा फोटो घ्या. ही जादा रक्कम अ‍ॅपमधूनच मागवायची की वेगळी घेता येते, हे त्या अ‍ॅपच्या अटींत वाचून ठरवा. वर्णनात नसलेला आकार नंतर मागितला तर तक्रार तुमच्यावरच येते.

टीडीएस, म्हणजे पैसे हातात येण्याआधीच कापला जाणारा आयकर, हे शुल्क नव्हे, तरी पुष्कळ जण ते शुल्कातच मोजतात. ऑक्टोबर २०२४ पासून अ‍ॅप एकूण रकमेवर ०.१ टक्का कापतं. वैयक्तिक मालकाने पॅन किंवा आधार दिलं असेल आणि वर्षाची रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर तेही कापलं जात नाही. पॅन भरायचं राहिलं तर ५ टक्के जातात, म्हणून खातं उघडतानाच ते भरा. कापलेलं विवरणपत्रात परत मागता येतं. मात्र आयकर खात्याकडे नोंद होते ती शुल्क वजा जाण्यापूर्वीच्या रकमेची, तेव्हा उत्पन्नही तेच दाखवायचं. घरभाड्याचं उत्पन्न म्हणून दाखवलं तर ३० टक्क्यांची ठरावीक वजावट मिळते. अ‍ॅपचं शुल्क तिच्यातच आलं, वेगळं वजा करता येत नाही.

मग अ‍ॅप बरं की गावातला दलाल? हे मुदतीवर ठरतं. दलालीचा आकडा एकदाच जातो, अ‍ॅपचे १७.७ टक्के दर महिन्याला जातात. एका महिन्याचं भाडं दलाली धरली तर साडेपाच-पावणेसहा महिन्यांपाशी दोन्ही खर्च सारखे होतात. दलाल पंधरा दिवसांच्या भाड्यावर तयार झाला तर तोच बिंदू तीन महिन्यांच्या आत येतो. आमचं मत स्पष्ट आहे: एक ते तीन महिन्यांसाठी अ‍ॅप, सहा महिन्यांच्या पुढे भाडेकरूशी थेट करारनामा, आणि मधल्या काळात दलालाचा दर विचारून निर्णय. अ‍ॅपवर ओळख झालेल्या पाहुण्याला ‘पुढचे महिने बाहेरच करू’ असं सुचवू नका. अटींचा भंग होतो, खातं बंद होऊ शकतं आणि मधल्या काळात काही बिघडलं तर कोणाचंच संरक्षण उरत नाही. लांबचा भाडेकरू हवा असेल तर जाहिरात सुरुवातीपासूनच वेगळी करा.

थेट देताना लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरता घर वापरू देण्याचा करार, नोंदवावाच लागतो. ११ महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. खर्च किरकोळ आहे. महिना २५,००० भाडं, सहा महिने आणि ५०,००० अनामत असेल तर एकूण भाडं १,५०,००० अधिक अनामतीवर वार्षिक १० टक्क्यांनी धरलेलं व्याज २,५००, त्यावर ०.२५ टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे सुमारे ४०० रुपये. नोंदणी फी ग्रामीण भागात ५०० आणि शहरी हद्दीत १,०००. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यायला विसरू नका.

अनामत हा दोन वाटांमधला मोठा फरक. एअरबीएनबीवर सर्वसाधारण मालकाला ती वेगळी मागता येत नाही, नुकसानीचा दावा पाहुणा गेल्यापासून १४ दिवसांत करावा लागतो. पावसाळ्यात आपल्याकडे गाद्या, सागवानी कपाटं, चामड्याच्या वस्तू यांना बुरशी धरते आणि ती पाहुण्यामुळे झाली हे सिद्ध करणं जवळजवळ अशक्य असतं. म्हणून जून ते सप्टेंबरच्या मुक्कामाला भाड्यातच महिना हजार-दीड हजार राखून ठेवा, खोलीगणिक तारखेसह फोटो काढा आणि चांगलं अंथरूण-पांघरूण आधीच बाजूला काढा.

तारखा उघडण्यापूर्वी गणपती आणि शिमगा कॅलेंडरवर अडवून ठेवा. लांबचं बुकिंग एकदा स्वीकारलं की घरचा गणपती आहे म्हणून पाहुण्याला आठ दिवस बाहेर काढता येत नाही, आणि मालकाने बुकिंग रद्द केलं तर अ‍ॅप दंड लावतं.