मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्यांचा रिपोर्ट आणि त्यावरच्या बातम्या कशा वाचाव्यात

मी एमआरआय टेक्निशियन. त्यामुळे नात्यागोत्यातले रिपोर्ट माझ्याकडे येतात आणि मागोमाग 'हे नवं संशोधन बघ गं' म्हणून बातम्याही. निदान करणं डॉक्टरांचं काम. वाचायचं कसं, एवढं मी सांगते.

'स्मॉल व्हेसल इस्केमिक चेंजेस' (बारीक रक्तवाहिन्यांतून रक्त कमी पोचल्याने मेंदूत झालेले बदल) दिसलं की शेजारी 'फझेकास', म्हणजे या डागांची श्रेणी, आणि 0 ते 3 मधला आकडा शोधा. 1 म्हणजे सुटे पांढरे ठिपके, 2 म्हणजे एकमेकांना भिडू लागलेले, 3 म्हणजे मिसळून पसरलेले. साठीनंतर 1 सर्रास दिसतो. 'लॅक्यून' लिहिलं असेल तर मात्र डॉक्टरांना विचाराच. ही साधारण 3 ते 15 मिलिमीटरची पोकळी बहुतेकदा जुन्या छोट्या स्ट्रोकची खूण असते, आणि तो स्ट्रोक कित्येकदा कुणाला कळलेलाही नसतो.

आता सगळे वगळतात तो रिपोर्टच्या वरचा 'टेक्निक'चा परिच्छेद वाचा. त्यात एसडब्ल्यूआय किंवा ग्रेडियंट एको (एमआरआयची खास प्रकारची चित्रं) आहे का? मेंदूतले सूक्ष्म रक्तस्राव नीट दिसतात ते याच चित्रांत. ती काढलीच नसतील तर रिपोर्टमध्ये रक्तस्रावाचा उल्लेख नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर हे विचारून घ्याच.

बातमी वाचताना पहिला प्रश्न: मोजलं काय, डाग की माणसाची स्मरणशक्ती? 2019 साली आलेल्या 'स्प्रिंट माइंड' या बीपीवरच्या अभ्यासाचे निष्कर्ष घ्या. वरचं बीपी 140 ऐवजी 120 च्या खाली ठेवायचं ठरवलेल्या गटात डाग कमी वाढले, सौम्य स्मृतिदोषही कमी आढळला. डिमेन्शियातला (स्मृतिभ्रंशातला) फरक मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. 'बीपी उतरवा, डिमेन्शिया टाळा' हा मथळा त्यातून निघत नाही.

दुसरा प्रश्न: अभ्यासात घेतलं कोणाला? 'स्प्रिंट माइंड'मध्ये मधुमेही नव्हते, आधी स्ट्रोक झालेलेही नव्हते. आपल्या घरचा पेशंट नेमका तसा असेल तर 120 चा आकडा परस्पर लावू नका. शिवाय बीपी फार उतरलं तर वयस्कर माणसाला उठताना चक्कर येऊ शकते.

गोळ्यांचंही तेच. लॅक्यूनर स्ट्रोक झालेल्यांवरच्या 'एसपीएस3' चाचणीत अॅस्पिरिनला क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या दुसऱ्या गोळीची दीर्घकाळ जोड दिली, तर स्ट्रोक लक्षणीय घटले नाहीत, रक्तस्राव आणि मृत्यू मात्र वाढले. (स्ट्रोकनंतर थोडे दिवस डॉक्टर दोन्ही देतात, ती गोष्ट निराळी, चालू गोळी मनाने बंद करू नका.) आणि लॅक्यूनर स्ट्रोकवरचीच 2023 ची 'लासी-2' चाचणी? 363 जण, दोन जुनी औषधं, सिलोस्टॅझॉल आणि आयसोसॉर्बाइड मोनोनायट्रेट. मोठी चाचणी करता येईल का, हे चाचपायला ती मुख्यतः केली होती. तेवढ्यावर औषध मागायला जाऊ नका.

डॉक्टरांकडे जाताना जुन्या एमआरआयची सीडी न्या, नुसता कागद नको. डाग वाढलेत का, हे दोन्ही वेळची चित्रं शेजारी लावल्याशिवाय सांगता येत नाही.