लाइट जाण्याआधी पत्ते मोजा

मे-जूनमध्ये इंदुरात लाइट दोन तऱ्हांनी जाते. एक मेंटेनन्सची, आधी कळवून, दिवसाउजेडी. तिचं काही नाही. दुसरी संध्याकाळच्या वादळाची: फांदी तारेवर पडते, रामबाग असो की सुदामानगर, गल्ली काळीठिक्कर, आणि 1912 वर तक्रार नोंदवून झाली की पुढचे दोन तास करायचं काय? तयारी त्या दोन तासांची आहे.

मेणबत्ती-काडेपेटी सगळ्यांकडे असते. मोबाइलवर भिस्त ठेवू नका. इन्व्हर्टरवर राउटर चालू राहिला तरी बाहेरची लाइन बंद पडू शकते, आणि टॉवरवर सगळी कॉलनी एकदम तुटून पडते. पाहायचं असेल ते आधी उतरवून ठेवा.

आता पत्ते. मोजा. आज, उजेड आहे तोवर. कॅट डब्यात आहे म्हणजे तयारी झाली, असं समजू नका. नुसते बावन्न भरले म्हणूनही भागत नाही, कारण त्यात दोन जोकर धरले गेले असतील किंवा दुसऱ्या कॅटातली एखादी अठ्ठी घुसली असेल. इस्पिक, बदाम, चौकट, किलवर असे चार ढीग करा, प्रत्येकात एक्क्यापासून राजापर्यंत तेरा लावून बघा. पाच मिनिटांचं काम आहे, तरी कोणी करत नाही. मेंढीकोटात एक पान कमी असलं की शेवटच्याला बाराच येतात. मग वाटणाऱ्याचं चुकलं म्हणून पुन्हा पिसा, पुन्हा वाटा, पुन्हा बारा. बदाम सातमध्ये तर आणखी वाईट. समजा चौकटची नव्वी हरवली आहे. अठ्ठी लागून झाली, दश्शी-गुलाम-राणी-राजा हातात घेऊन चौघं बसलेत, आणि प्रत्येकाला वाटतंय की दुसराच नव्वी दाबून बसलाय. भांडण होतं, डाव मोडतो, लाइट काही येत नाही.

पान कमी निघालं तर जोकरवर पेनाने नाव लिहा. पाठ सारखीच असते, चालून जातं. जोकरही नसेल आणि हरवलेलं पान दुर्री ते छक्कीमधलं असेल, तर तिघांत पाच-तीन-दोन खेळा. त्याला एक्का, राजा असं उतरत अठ्ठीपर्यंत चारही रंगांची, म्हणजे अठ्ठावीस, आणि इस्पिक-बदामच्या दोन सत्त्या अशी तीसच पानं लागतात. पण हे कळायला आधी मोजायला हवं ना! अंधारात मेणबत्तीशी इस्पिक आणि किलवर एकसारखेच दिसतात, तेव्हा मोजण्यात अर्थ नाही.

उजेडाचं बघा. दिवा मध्यभागी जमिनीवर ठेवला तर डोळ्यांवर येतो आणि समोरच्याची पानं मागून झळकतात. टॉर्च स्टीलच्या उंच पेल्यात उभा ठेवून झोत पांढऱ्या छताकडे करा, उजेड सगळीकडे सारखा उतरतो. टॉर्च पंख्याच्या पात्याला टांगायची कल्पना ज्याला सुचेल त्याला तिथेच थांबवा. लाइट येते ती न सांगता, आणि पंखा पाचवर असतो. खेळायला बसायच्या आधीच पंख्याचं बटण बंद करा, नाहीतर मांडलेला डाव खोलीभर उडतो. मेणबत्ती असेल तर ती पडदे नि पानांपासून लांब. चार्जिंगचा दिवा महिनोन्‌महिने पडून राहिला की आतली बॅटरी मरते, म्हणून महिन्यातून एकदा चार्ज करायचाच.

सोबत सेव लागणारच, इंदूर आहे. पण लौंग सेव हातात घेऊन पिसू नका. तेल लागलेली पानं जोडीने वाटली जातात, मग पुन्हा तेच, एकाकडे चौदा नि एकाकडे बारा. वाटीत चमचा घाला. आणि हो, पत्ते मोजलेत का?

ट्रान्झिस्टर असेल तर मीडियम वेव्ह लावून बघा. लाइट गेली की घराघरातले एलईडी दिवे आणि चार्जर बंद होतात, त्यांची खरखर जाते, आणि मालवा हाउसचं, म्हणजे आकाशवाणी इंदूरचं, स्टेशन एरवीपेक्षा साफ लागतं. आवाज बारीक आला तर एरियल ओढत बसू नका. मीडियम वेव्हचा एरियल सेटच्या आत, कांडीचा असतो, सेटच आडवा फिरवा. इन्व्हर्टरपासून लांब ठेवा, तोही खरखरतो. फोनमधल्या एफएमला वायरचे इअरफोन लागतात, वायरच एरियलचं काम करते.

कॅरम चालेल, पण एका बाजूच्या दिव्याने सोंगट्यांच्या सावल्या पडून नेम चुकतो. दोन बाजूंनी दोन दिवे हवेत. पट नसेल तर फरशीवर खडूने पाच बाय पाच घरं आखा, चार कवड्या घ्या, अष्टचंग सुरू. खडू आणि कवड्या पत्त्यांच्याच डब्यात ठेवा. मोजलेल्या पत्त्यांच्या.

गच्चीवर जायचं तर आभाळ निवळल्यावर. सप्तर्षींच्या शेपटाचा बाक पुढे नेला की स्वाती, तसाच आणखी पुढे चित्रा. गाण्याच्या भेंड्यांना ण आणि ळ आले तर काय, ते आधी ठरवा. मच्छरांचं मलम. पाणी.

लाइट आली की ट्रान्झिस्टरचे सेल काढा, आत राहिले तर पाझरून स्प्रिंगा खातात. दिवा लगेच चार्जिंगला लावा. वादळाच्या दिवसांत ती एकदा जाऊन थांबत नाही.