हळदीचं वरण नको, कच्ची डाळ घ्या

प्रोटीनची बायुरेट चाचणी मी नववीच्या वर्गात पहिल्यांदा केली, ती डब्यातल्या वरणावर. प्रोटीन असलं की जांभळा रंग यायला हवा, पण परीक्षानळी लाल झाली. मागच्या बाकावरून आवाज आला, "म्याडम, आमच्या दायीत प्रोटीन नाई का जी?" डाळीचा काही दोष नव्हता. या चाचणीत कॉस्टिक सोडा घालतात आणि त्यात हळद लाल होते, हे मीच विसरले होते.

तेव्हापासून तुरीची कच्ची डाळ रात्री भिजवून वाटते, चिमूटभर मीठ घातलेल्या पाण्यात कालवते आणि फडक्याने गाळते. मीठ विसरू नका. तुरीतली बरीचशी प्रोटीनं नुसत्या पाण्यात नीट उतरत नाहीत.

चाचणीला लागणारं दुसरं रसायन म्हणजे मोरचूद, तांब्याचा निळा क्षार (कॉपर सल्फेट). आमच्या वरुडकडे संत्र्याला बोर्डो, म्हणजे मोरचूद-चुन्याचं मिश्रण, लावतात, त्यामुळे मोरचुदाचे खडे कुणाकडेही सापडतात. १ ग्रॅम मोरचूद १०० मिली बॅटरीच्या पाण्यात (म्हणजे डिस्टिल्ड वॉटर, बॅटरीतलं ॲसिड नव्हे) विरघळवा. बोअरचं पाणी नको, कॉस्टिक पडताच ते गढूळ होतं. १० टक्के कॉस्टिक सोडा शिक्षकांनीच करावा: चष्मा लावून, पाण्यात कॉस्टिक थोडं थोडं टाकत. उलटं केलं तर उसळतं. ॲल्युमिनियमचं भांडं तर मुळीच नको, कॉस्टिक ते खातं.

आता २ मिली डाळीचं पाणी, तेवढंच कॉस्टिक, आणि मोरचुदाचे दोन-तीन थेंब. हलवा, पाच मिनिटं थांबा. तापवायचं नाही. पोरांना थेंब जास्त टाकायची हौस फार. मग निळा गाळ बसतो आणि जांभळा रंग त्यात लपतो. शेजारी साध्या पाण्याची नळी ठेवा. ती निळीच राहते, म्हणून फरक कळतो.

मला सगळ्यात आवडतो तो अंड्याचा प्रयोग. एका नळीत कच्चा पांढरा बलक दहापट पाण्यात, दुसरीत उकडलेल्या पांढऱ्याचा बारीक चुरा. उकडल्यावर प्रोटीन "मेलं", म्हणून रंग येणार नाही, अशी पोरं पैज लावतात. पण चुराही कडेकडेने जांभळा होतो, जरा उशिरा. उष्णतेने मोडते ती प्रोटीनची घडी. अमिनो आम्लांना जोडणारे पेप्टाइड बंध शाबूत राहतात, आणि तांबं धरतं ते त्या बंधांतल्या नायट्रोजनला. सुताची गुंडी विस्कटली, धागा तुटला नाही, असं मी सांगते. सेवाग्रामची सहल झालेल्या पोरांना ते लगेच पटतं.

उरलेलं अंडं मात्र कुणी खायचं नाही. दरवर्षी एक तरी विचारतोच.