पावसाळ्यात कोंबड्यांना औषधी पाला : किती द्यावा, कसा सुकवावा

पाऊस लागला की परसातल्या कोंबड्यांचे दिवस कठीण होतात. खुराड्यातलं तूस ओलं राहतं, मका आणि पेंडीला दमट वास येऊ लागतो आणि कोंबड्या पंख फुगवून कोपऱ्यात बसतात. नेमका याच दिवसांत बांधावरचा शेवगा हिरवागार होतो. उन्हाळ्याअखेर छाटलेल्या झाडाला जून-जुलैत इतके फुटवे येतात की घरात भाजी करूनही पाला उरतो. तो वाया घालवू नका.

औषधी पाल्यांत कोंबड्यांसाठी मी शेवग्याला पहिला मान देते. नीट सुकवलेल्या पाल्यात साधारण २५ टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, शिवाय कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व तयार करणारं कॅरोटीन मिळतं. अंड्याच्या बलकाला पिवळा रंग देणारी द्रव्यं कोंबडी स्वतः बनवू शकत नाही, ती तिला खाद्यातूनच मिळावी लागतात. पाला सुरू केल्यावर दहा-बारा दिवसांत बलकाचा रंग गडद झालेला दिसतो. गावरान अंडी विकणाऱ्या ताईंना गिऱ्हाईक हा रंग बघूनच भाव देतं.

पण चांगलं आहे म्हणून भरमसाठ घालू नका. कोंबडी गाई-शेळीसारखी रवंथ करत नाही, तंतुमय चारा तिला फारसा पचत नाही. हलक्या पाल्यानं पोट भरतं, दाणे कमी खाल्ले जातात आणि अंडी घटतात. म्हणून सुका पाला एकूण खाद्याच्या ३ टक्क्यांपासून सुरू करावा आणि ५ टक्क्यांपुढे जाऊ नये. समजा अंडी देणाऱ्या २५ कोंबड्या आहेत आणि प्रत्येकीला रोज १०० ग्रॅम खाद्य लागतं, म्हणजे रोजचं खाद्य अडीच किलो. त्यात ७५ ग्रॅम पाल्याची भुकटी पुरते. महिन्याला सव्वादोन किलो भुकटी झाली आणि तेवढ्यासाठी दहा किलोच्या आसपास ओला पाला काढावा लागतो. कोंबड्या दिवसभर मोकळ्या चरत असतील आणि तुम्ही सकाळ-संध्याकाळ थोडाच भरडा टाकत असाल, तर भुकटी त्या भरड्याच्या प्रमाणातच मोजा.

खरी कसोटी आहे ती पाला सुकवण्याची. उन्हात वाळवला तर कॅरोटीन नष्ट होतं आणि पाला पिवळा पडतो. ओलसर राहिला तर त्याला बुरशी येते, आणि बुरशीचं विष कोंबडीच्या यकृतावर जातं. उघडीप बघून, दव उडाल्यावर पाला तोडा. जाड दांडे काढून टाका. घरात कोरड्या जागी स्वच्छ कापडावर किंवा बाजेवर पातळ थर द्या, वर पंखा सुरू ठेवा आणि दिवसातून दोन-तीनदा हलवा. चुलीवरच्या माळ्याची ऊबही चालते, फक्त धूर थेट लागू देऊ नका. पान मुठीत चुरडल्यावर कुरकुरीत आवाज झाला पाहिजे. लवचीक लागलं तर अजून एक दिवस थांबा. मग चुरून, चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. पावसात महिन्याभराचीच बेगमी करा. कुबट वास आला किंवा गोळे झाले तर तो पाला फेकून द्या, ‘थोडासाच तर आहे’ असं मनात आणू नका.

पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ अळ्यांचे पुंजके दिसतात आणि त्यावर फवारणी होते. अशा झाडाचा किंवा कापूस-सोयाबीनवरचं औषध वाऱ्यानं उडून आलेल्या बांधावरच्या झाडाचा पाला तोडूच नका.

बाकीच्या पाल्यांचं थोडक्यात सांगते. तुळशीची कोवळी पानं बारीक चिरून मूठभर दिली तर कोंबड्या आवडीनं खातात. कडुनिंब कडू असतो, जास्त झाला की त्या खाद्याला तोंड लावत नाहीत. आठवड्यातून एक-दोनदा चिमूटभर पुरे. हळद एक किलो खाद्याला ५ ग्रॅमपर्यंत चालते. सुबाभळीचा पाला टाळा, त्यातल्या मिमोसिन द्रव्यानं वाढ खुंटते आणि अंडी कमी होतात. कण्हेर, रुई, धोत्रा, घाणेरी यांची छाटलेली डहाळी कोंबड्यांच्या वाटेत पडू देऊ नका. चार आठवड्यांखालच्या पिल्लांना कुठलाच पाला नको, त्यांना पिल्लांचं तयार खाद्यच द्या. कंपनीच्या करारावर ब्रॉयलर पाळणाऱ्यांनीही हा प्रयोग करू नये, त्यांच्या खाद्याचं गणित वेगळं असतं.

आता सर्वांत महत्त्वाचं. कुठल्याही पाल्यानं मानमोडी (राणीखेत रोग) टळत नाही. तिला लसच लागते. पहिल्या आठवड्यात लासोटा (मानमोडीची लस), दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास गंबोरो रोगाची लस, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहाव्यात देवीची लस आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी (हीसुद्धा मानमोडीचीच लस), असा साधारण क्रम आहे. आपल्या भागातल्या तारखा पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून घ्या. लस शंभर-शंभर मात्रांच्या बाटलीत येते आणि कालवल्यावर लगेच वापरावी लागते, म्हणून वाडीतल्या पाच-सहा घरांनी एकाच दिवशी मिळून द्यावी. पाण्यातून लस देणार असाल तर त्याच्या आदल्या दिवशी, त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी पाण्यात हळद, पाल्याचा काढा किंवा जंतुनाशक काहीच मिसळू नका.

ओल्या तुसात रक्ती हगवणीचे जंतू वाढतात. पाणी सांडतं तिथलं तूस रोज काढा, बाकीचं खालीवर करा, गादी दोन-तीन इंच कोरडी ठेवा. विष्ठेत रक्त दिसलं, तुरा फिका पडला किंवा मान वाकडी झाली, तर काढा करत बसू नका. आजारी कोंबडी वेगळी ठेवून त्याच दिवशी दवाखाना गाठा, जाताना ताज्या विष्ठेचा नमुना न्या. मेलेली कोंबडी उकिरड्यावर किंवा ओढ्यात टाकू नका. पाण्याच्या जागेपासून दूर खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा, म्हणजे कुत्री उकरणार नाहीत.